गोधडीचा हिशेब

न नेसलेल्या साड्या, आखूड झालेल्या पँटी, रंग उडालेले टी-शर्ट, ब्लाउजपीसांचे गठ्ठे, शिंप्याकडून पिशवीत घालून परत आलेली कात्रणं. आज एकेका घरात जेवढं कापड साचलेलं असतं तेवढं आपल्या पणजीच्या पिढीनं सगळ्या वाड्यात मिळून पाहिलं नसेल. आणि घरी शिवलेली गोधडी मात्र शोधावी लागते. ज्या काळात कापड जपून वापरावं लागे त्या काळात घरोघरी गोधड्यांच्या चळती होत्या. कापडाचा पूर आला आणि चळती नाहीशा झाल्या. असं का झालं, आणि घरच्या जुन्या कापडातून गोधडी शिवणं आज कितपत जमण्यासारखं आहे, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते. गोधडीसाठी दोन गोष्टी लागतात: धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आणि कुणाचा तरी बराच वेळ. चिंध्या वाढल्या, पण या दोन्ही गोष्टी घरातून कमी झाल्या. गोधडीच्या पुनरुज्जीवनाबद्दल सध्या जे उत्साहानं बोललं जातं त्यात यातल्या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब क्वचितच मांडलेला दिसतो.

आधी कापडाचं पाहू. जुन्या गोधडीचं माप नऊवारी लुगड्यानं ठरवून दिलं होतं. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याच्या चार घड्या घातल्या की ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट लांबी येते. उंच माणूसही डोक्यापासून पायापर्यंत झाकला जातो आणि वर वीतभर उरतं. पन्हा ४५ इंचांच्या आसपास, एकाच्या अंथरुणापुरता. कात्री न लावता एका लुगड्यातून चार थर मिळतात आणि लांबीच्या दोन्ही कडांना आपोआप काठ येतात. काठाची वीण घट्ट असते, त्यामुळे गोधडी जिथे सर्वांत आधी झिजायची तिथेच ती बळकट होते. सहावारी साडीत हे गणित बसत नाही. तिच्या तीन घड्या घातल्या तर सहा फुटी तीनच थर होतात, चार घातल्या तर लांबी साडेचार फुटांवर येते आणि मोठ्या माणसाचे पाय बाहेर राहतात. नऊवारी मागे पडली तेव्हा पेहराव बदलला एवढंच आपण नोंदलं, पण त्याबरोबर अंथरुणाचं तयार मापही गेलं.

त्या चार थरांवर गोधडी नेहमीच थांबत नसे. जरा धडसं लुगडं खाली, त्याहून बरं वर, आणि पोटात धोतराची पानं, परकर, पोलकी, कुडती, उशीचे फाटके अभ्रे. वरच्या लुगड्याला जिथे विरलेलं असेल तिथे ठिगळ. घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही आत जाई. उन्हाळ्यात अंगावर घ्यायची ती तीन-चार पदरी, थंडीतली सहा-सात पदरी, आणि खाली अंथरायची तर त्याहूनही जाड.

शिवणाऱ्या बाईच्या शेजारी बसून ती काय करते हे एकदा नीट पाहावं. खालचं लुगडं जमिनीवर पसरून ती तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारते आणि चारी कोपऱ्यांवर दगड, पाटा, जे हाताशी असेल ते ठेवते. आतले तुकडे ती कडेला कड भिडवून मांडते, एकावर एक चढवत नाही. चढवले तर तिथे गोळा होतो, सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो रात्रभर जाणवतो. वरचं कापड घातलं की हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्यायचे. मग खरं काम सुरू होतं. ती गोधडीवरच बसते आणि जसजशी शिवण पुढे जाईल तसतशी सरकत राहते. उजव्या हातात सुई, डावा हात कापडाखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं की टाका सगळ्या थरांतून आरपार गेला हे कळतं. त्या बोटाची कातडी राठ झालेली असते. सुईवर चार-पाच टाके भरले की दोरा एकदम ओढायचा, आणि या ओढण्यातच सगळं कसब आहे. जास्त ओढला तर चुण्या पडतात, सैल राहिला तर रात्री पायाचं बोट अडकून दोरा तुटतो. काही जणी कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत येतात, काही सरळ समांतर ओळी घालतात. चौकोनाची गोधडी दिसायला देखणी, पण कच्चे टाके नीट नसतील तर सगळा ढिलेपणा मधोमध गोळा होतो. शिकाऊ हाताला सरळ ओळी बऱ्या.

ऊब येते ती या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाके फार दाट झाले तर थर दबतात, गोधडी कडक होते आणि ऊबही कमी होते. विरळ झाले तर धुताना आतलं कापड सरकतं. ओळींमध्ये बोटभर अंतर हा बायकांनी अनुभवातून काढलेला मध्यम मार्ग आहे. आणि कापड सुतीच का, यालाही कारण आहे. सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवू शकतं, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणून सुती गोधडीत घाम जिरतो आणि सिंथेटिक साड्यांच्या गोधडीत अंगाला चिकचिकतं. जुन्या सुताचा आणखी एक गुण असा की शेकडो धुण्यांत त्याची खळ पार गेलेली असते. नव्या बाळाचं दुपटं जुन्याच लुगड्याचं करतात त्यामागे काटकसर आहे, तशी बाळाच्या कातडीची काळजीही आहे.

महाराष्ट्रात या वस्तूला गोधडी म्हणतात तशी वाकळही म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी. ऊसतोडीसाठी बीड-नगरकडून कोल्हापूर-सांगलीकडे निघालेल्या गाडीत भांड्यांच्या गाठोड्याशेजारी वाकळांचा गठ्ठा असतोच, कारण पुढचे काही महिने पाचटाच्या खोपीत तेच अंथरूण आणि तेच पांघरूण. गावाकडे नवरात्राआधी घरातलं सगळं कापड धुऊन काढायची रीत आहे. त्या दिवसांत नदीकाठचे खडक गोधड्यांनी झाकून जातात, आणि भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही म्हणून दोघी दोन टोकांना उभ्या राहतात.

चिंध्यांना आपल्याकडे अध्यात्मातही जागा मिळाली. मगधातल्या बांध घातलेल्या खाचरांकडे बोट दाखवून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, भिक्षूंचं वस्त्र, म्हणजे चीवर, असं शिवता येईल का, ही हकिकत विनयपिटकात आहे. तुकडे जोडून शिवलेल्या चीवराची ती सुरुवात. नाथपंथी जोग्यांच्या अंगावर चिंध्यांची कंथा असे. कर्जतचे गोदड महाराज नावातच गोधडी घेऊन आहेत, आणि गाडगेबाबांच्या अंगावरचा चिंध्यांचा अंगरखा पाहून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. मला या परंपरेबद्दल आदर आहे. पण पांघरणाऱ्या साधूला जो मान मिळाला तो घरात बसून शिवणाऱ्या बाईला कुणी दिला नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे. तिच्या घरात पाहुणा आला की गोधडीवर चादर टाकून ती झाकली जाई. गोधडी म्हणजे दारिद्र्य, हा शिक्का तिच्यावर कायमचा बसला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. नायलॉन आणि टेरीकॉट आलं. धुवायला सोपं, वाळायला झटपट, इस्त्रीची कटकट नाही. कष्टकरी बाईला ते हवंहवंसं वाटलं यात नवल नाही, पण गोधडीला ते कापड चालत नाही. थर एकमेकांवरून निसटतात. दारावर येणाऱ्या बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर स्टीलची पातेली मिळू लागली, म्हणजे जुन्या कापडाला घरातच दुसरं गिऱ्हाईक तयार झालं. मुंबईत गिरण्या धडधडत होत्या तोवर ताग्याचे उरलेले तुकडे, फेंट, वजनावर मिळत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि तो झराही आटला. पानिपतच्या कारखान्यांतून परदेशी जुन्या लोकरी कपड्यांचं सूत काढून विणलेली स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली. बायका नोकरीला लागल्या. शहरात घरं लहान झाली, अंगण गेलं, सात फुटी कापड पसरायला मोकळी जमीन उरली नाही आणि ओली गोधडी वाळत घालायला दांडी उरली नाही. यातलं एकेक कारण सुटं घेतलं तर किरकोळ वाटतं, पण सगळी मिळून एका पिढीत गोधडी संपवायला पुरेशी ठरली.

शेजारी काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. बंगालच्या कांथ्याचं नशीब वेगळं निघालं. जुन्या साड्यांचे थर आणि धावदोरा, पाया अगदी आपल्यासारखाच, पण तिथल्या बायकांनी टाक्यांतून कमळं, मासे, रथ, माणसं काढली. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ मध्ये कांथ्यावरून दीर्घ काव्य लिहिलं, संग्राहकांनी कांथे जपले, आणि कला-अभ्यासक स्टेला क्रामरिश यांच्या संग्रहातल्या कांथ्यांचं प्रदर्शन फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात लागलं. बिहारमध्ये मुझफ्फरपूरजवळच्या भुसरा गावात बाळंतपणाच्या सुजनी या गोधडीवर बायका हुंडा आणि दारूच्या व्यसनाच्या गोष्टी भरू लागल्या, आणि सुजनीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्या गोधडीवर चित्रं नसतात. तिचं सौंदर्य ओळींच्या सरळपणात आणि रंगांच्या जोडणीत आहे, आणि ते संग्राहकांच्या नजरेला चटकन दिसत नाही. मला ती उणीव वाटत नाही, पण कलावस्तू म्हणून आपली गोधडी मागे राहिली त्याचं हे एक कारण असावं.

आपल्या सर्वांत जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून पळून यल्लापूर, हल्याळच्या जंगलांत शिरले, आणि आजही ते कोकणीचंच एक रूप बोलतात. त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, घरच्या चिंध्यांचीच असते, पण रीत निराळी. खालची साडी पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचा, पुढचा ठेवायचा, आणि असं कडेकडेनं फिरत आत यायचं. आधी वरचा भाग वेगळा जोडून घ्यायचा प्रश्नच नाही. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं बसतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी आहे असं त्या बायका मानतात. लहान लहान कात्रणं असलेल्यांनी आपल्या पद्धतीपेक्षा ही पद्धत शिकावी असं मी नि:शंकपणे सांगेन. तळहाताएवढा तुकडाही तिच्यात वाया जात नाही, आणि एका वेळी मांडीवर मावेल एवढाच भाग हाताळावा लागत असल्यानं फ्लॅटमध्येही ती जमते.

आता आजचं चित्र. पुण्या-मुंबईत फुटपाथवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोधडी शिवून देणाऱ्या बायका दिसतात, बहुतेक भटक्या जमातींतल्या. कापड आपलं, हात त्यांचा. गोधडीची हातशिलाई शहरांत टिकून आहे ती मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. दुसरीकडे लहान उद्योग उभे राहिले आहेत. ते आजीच्या साड्यांची आठवणींची गोधडी करून देतात, बाळंतविड्यासाठी दुपटी विकतात, परदेशी निघालेल्या मुलांसाठी हलक्या गोधड्या बनवतात. विमानाच्या बॅगेत २३ किलो बसतात आणि त्यातले अडीच-तीन किलो गोधडीला देणारी आई आजही आहे, म्हणून हे दुकान चालतं. यातलं बरंचसं काम मशीनवर होतं आणि पोटात जुन्या कापडाऐवजी पॉलिएस्टरची तयार गादी घातलेली असते. ती हलकी आणि धुवायला सोपी असते हे कबूल. पण मग जुनं कापड पुन्हा घरातच राहतं आणि दरवेळी नवं प्लास्टिक विकत घ्यावं लागतं. पॅचवर्कच्या वर्गांत तर नवंकोरं कापड आणून त्याचे चौकोन कापतात आणि पुन्हा जोडतात. छंद म्हणून तो सुंदर आहे, तुकडे अचूक जुळवायला हात फार तयार लागतो, पण उरल्यासुरल्याच्या विनियोगाशी त्याचा संबंध नाही. पैठणीच्या गोधडीबद्दलही मला शंका आहे. जर टोचते, रेशीम घरच्या धुण्याला टिकत नाही, आणि ती पांघरूण न होता भिंतीवरची वस्तू होते. जुनी पैठणी नातीनं नेसावी.

घरी शिवायचं ठरवलं तर सगळ्यात महत्त्वाचं काम सुई हातात घेण्याआधीचं आहे, ते म्हणजे निवडणं. कापड सुती आहे का हे हाताला नेहमी कळत नाही. कडेचे दोन-चार दोरे उसवून चिमट्यात धरावेत आणि काडी लावावी. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि बोटांत भुगा होणारी करडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. राखही आणि मणीही दिसले तर मिश्र कापड. मणी उरणारं कापड अंगावरच्या गोधडीत नको. पायपुसणी, पिशव्या, गाडीवरचं आच्छादन यांत जाऊ द्यावं. जीनचं कापड बसकराला उत्तम, पांघरायला जड. टी-शर्टचं होजिअरी कापड मऊ असतं पण ताणलं जातं, म्हणून ते पोटात घालावं, वर नको.

नवी कात्रणं आणि जुनं कापड एकत्र येतात तिथे नेहमी गडबड होते. जुनं सूत आटून झालेलं असतं, नवं पहिल्या काही धुण्यांत आटतं, आणि मग जुन्या भागावर ताण येऊन ते टाक्याच्या रेघेवरच फाटतं. नवं कापड आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावंच. लाल आणि गडद निळ्या रंगाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नये. दोरा सुती, दुहेरी, मेणावरून ओढून घेतलेला, म्हणजे गुंतत नाही. अंगुस्तान वापरावं. डोळ्यांनी किंवा सांध्यांनी दगा दिला असेल त्यांनी मशीनवर शिवण्यात काही कमीपणा नाही. मात्र घरगुती मशीनचा दाब वरचा थर पुढे ढकलतो, म्हणून तीन-चार थरांवर जाऊ नये आणि कच्चे टाके दाट घालावेत.

जाडीबद्दल माझा ठाम आग्रह आहे. शहरातल्या घरासाठी सात पदरी एक गोधडी करण्यापेक्षा तीन पदरी दोन कराव्यात. थंडीत एकावर एक घेता येतात, मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो, आणि प्रत्येक गोधडी घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुता येते. जाड गोधडी पाणी प्यायली की उचलतच नाही, मग ती वर्षानुवर्षं धुतली जात नाही, तिला वास येतो आणि एक दिवस ती टाकून दिली जाते. झिजलेली गोधडी मात्र टाकू नये. तिच्या दोन्ही बाजूंना धडकं सुती कापड घालून पुन्हा ओळी घातल्या की तीच नव्या गोधडीचं भरण होते, आणि जुन्या गोधड्यांच्या पोटात आणखी जुनी गोधडी सापडते ती अशानंच.

राहिला वेळ. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घेऊ. ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं तर साधारण ७६ ओळी होतात आणि दोऱ्याचा मार्ग १६० मीटरच्या पुढे जातो. टाका आणि मधली जागा मिळून एक सेंटिमीटर धरलं तर सुमारे १६,००० टाके. मिनिटाला १० टाक्यांचा वेग ठेवला तरी २७ तास नुसतं शिवण्यात जातात. निवडणं, धुणं, कापणं, मांडणं, कच्चे टाके मिळून आठवड्याचे चार पूर्ण कामाचे दिवस. फुटपाथवरच्या बाईनं मागितलेल्या रकमेला चार दिवसांनी भागून पाहावं. बहुतेक वेळा जो आकडा येतो तो घरी कामाला येणाऱ्या सुतार-गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीच्या जवळपासही नसतो, आणि आपण त्यातही घासाघीस करतो. पूर्वी हे तास म्हणजे घरातल्या बाईच्या दुपारी होत्या, त्यांना मोलच नव्हतं, म्हणून गोधडी फुकट होते असं सगळ्या घराला वाटत राहिलं. आज तिला परवडणारी करायची तर मजुरी पाडणं हा मार्ग नाही. विकत घ्यायची त्यांनी दिवसाच्या मजुरीप्रमाणे पैसे द्यावेत. आठवणींची गोधडी विकणाऱ्यांनीही शिवणाऱ्या बाईला त्यातलं किती मिळतं ते सांगायची तयारी ठेवावी.

घरी शिवणाऱ्यांनी मोठ्या गोधडीपासून सुरुवात करू नये. पहिलीच गोधडी अर्धी शिवून माळ्यावर गेलेली अनेक घरांत सापडेल. दुपटं घ्यावं. अडीच फूट बाय तीन फूट, तीन थर, ३७-३८ ओळी, सव्वातीन-साडेतीन हजार टाके, म्हणजे पाच-सहा तासांचं काम. ते रोज पाऊण तास धरून आठवड्यात होतं. आणि हे पाऊण तास एकाच बाईच्या वाट्याला यायचं कारण नाही. धावदोरा घालायला दहा वर्षांच्या मुलाला एका संध्याकाळी शिकवता येतं, मुलगीच हवी असं काही नाही. ओळी आखून दिल्या की तो एका कडेनं आणि त्याचा बाबा दुसऱ्या कडेनं सुरुवात करू शकतो. दोघांचे टाके वेगळे पडतील. ते तसेच राहू द्यावेत, उसवून पुन्हा घालू नयेत.